दाद

चित्रपट संपला, दिवे लागले आणि टाळ्या सुरू झाल्या. आधी पुढच्या रांगांतून, मग सगळ्या सभागृहातून. मीही वाजवत होते. जोशुआ ओपनहायमर यांचा ‘द लुक ऑफ सायलेन्स’ आम्ही श्वास रोखून पाहिला होता, आणि आता काहीतरी करायला हवं होतं, म्हणून हात चालत होते. शेजारच्या बाई मात्र हात मांडीवर ठेवून पडद्याकडेच बघत होत्या. पडद्यावर श्रेयनामावली सरकत होती. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “इतक्या ठिकाणी ‘अनामिक’ का लिहिलंय हो?”

मी नीट बघितलं. कामाचं नाव वेगळं, पण त्यापुढे माणसाच्या नावाच्या जागी पुन्हा पुन्हा तोच एक शब्द. इंडोनेशियातल्या ज्या माणसांनी हा चित्रपट घडवायला मदत केली, त्यांना स्वतःचं नाव लावणं धोक्याचं होतं. चित्रपटात येणारं हत्याकांड १९६५ चं, चित्रपट २०१४ चा. मधे जवळजवळ पन्नास वर्षं गेली होती, तरी भीती तशीच. माझे हात थांबले. टाळ्या अजून चालूच होत्या.

त्या रात्री एकच शब्द डोक्यात घोळत राहिला. गाणं रंगलं की आपण दाद देतो आणि अन्याय झाला की दाद मागतो. शब्द फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थच न्याय. आपल्याकडे येऊन त्याला दोन वाटा फुटल्या, एक मैफलीत गेली, दुसरी कचेरीत. ‘दाद ना फिर्याद’ म्हणताना आपल्याला मैफल आठवत नाही आणि ‘वा!’ म्हणताना कचेरी आठवत नाही. त्या सभागृहात मात्र दोन्ही वाटा एका जागी आल्या होत्या. पडद्यावरचा माणूस दाद मागत होता. आम्ही त्याला दाद दिली आणि घरी जायला उठलो.

अन्यायावरचे, मानवी हक्कांवरचे माहितीपट मी वीसेक वर्षं बघते आहे. त्या रात्रीपासून हा शब्द प्रत्येक चित्रपटाला माझ्याबरोबर येतो.

‘द लुक ऑफ सायलेन्स’मधला आदी हा डोळे तपासून चष्मे करून देणारा माणूस. त्याचा थोरला भाऊ १९६५ मध्ये मारला गेला, आदीच्या जन्माच्याही आधी. सैन्याने देश ताब्यात घेतला, आणि कम्युनिस्ट असल्याचा शिक्का मारून किमान पाच लाख माणसं मारली गेली, असं मानलं जातं. काही अंदाज दहा लाखांपर्यंत जातात. मारणाऱ्यांवर खटले चालले नाहीत. ते त्याच गावांत राहिले, मोठे झाले, काही जण पुढारी झाले. आदी त्यांच्या घरी जातो. म्हाताऱ्याच्या नाकावर ती भिंगं बदलून बघायची जड, गोल फ्रेम बसवतो. एक भिंग काढतो, दुसरं घालतो, आता कसं दिसतं ते विचारतो. आणि आवाज जराही न चढवता, त्याच नम्रपणे, त्या वर्षी तुम्ही काय केलंत, हेही विचारतो.

ती फ्रेम माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तिच्यामागचे म्हातारे डोळे मोठे दिसतात, लुकलुकतात. माणूस उठून जाऊ शकत नाही, कारण चष्म्याचा नंबर अजून ठरायचा आहे. एका घरात मारेकऱ्याची मुलगी बापाशेजारी बसलेली आहे. बापाने माणसांचं रक्त प्यायलं होतं, हे ती तिथे, कॅमेऱ्यासमोर ऐकते. तिचं हसू चेहऱ्यावरून उतरायला वेळ लागतो, जणू त्याला कुठे जावं ते कळत नाही. शेवटी ती आदीची माफी मागते. बाप शेजारीच बसलेला असतो.

चित्रपट लोकांसमोर येण्याआधी आदीच्या कुटुंबाला सुरक्षेसाठी घर सोडून देशाच्या दुसऱ्या भागात जावं लागलं. मारणारे होते तिथेच राहिले.

मी काही वर्षं एका वकिलांकडे जबाबांच्या नकला टाइप करायचं काम केलं. या कामात एक गोष्ट लवकर लक्षात येते. माणूस जे बोलतो ते कागदावर उतरतं. बोलता बोलता तो जिथे थांबतो, ते उतरत नाही. त्याने पाणी मागितलं, ते उतरत नाही. ‘मग मी दार उघडलं’ एवढं म्हणून एक बाई बराच वेळ स्वतःच्या बांगड्यांशी चाळा करत बसली होती. कागदावर मात्र ‘मग मी दार उघडले’च्या पुढे लगेच पुढचं वाक्य, मधे जागासुद्धा नाही. शेवटी ठरलेली ओळ: ‘वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ खाली सही. कायद्याला तेवढंच लागतं आणि त्यात चूक काही नाही. कोण किती वेळ गप्प बसलं यावरून निकाल लागायला लागले तर अनर्थ होईल. तरीही त्या बाईच्या गप्प बसण्याचं पुढे काय झालं, हे मला सतावायचं. माहितीपट बघायला लागले तेव्हा जबाबांतून गळलेली ती मिनिटं मला तिथे सापडली.

क्लोद लांझमान यांचा ‘शोआ’ (१९८५) साडेनऊ तासांचा आहे. विषय नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, पण त्या काळातलं एकही जुनं चित्रण त्यात वापरलेलं नाही. बोलणारी माणसं, आणि जिथे ते घडलं तिथली आजची झाडं, रूळ, गवत. त्यात अब्राहम बोम्बा नावाचे न्हावी आहेत. ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत गॅस चेंबरमध्ये पाठवल्या जाणाऱ्या बायकांचे केस कापायचं काम त्यांच्या वाट्याला आलं होतं. लांझमान त्यांच्याशी बोलतात ते तेल अवीवमधल्या एका सलूनमध्ये. समोर आरसे, खुर्चीत एक गिऱ्हाईक, बोम्बांच्या हातात कात्री. बोम्बा तोवर धंद्यातून निवृत्त झालेले होते. दुकान चित्रणासाठी भाड्याने घेतलेलं. कात्री वाजत राहते आणि बोम्बा सपाट आवाजात, कामाची पद्धत समजावून द्यावी तसं सांगत राहतात. मग त्यांना आपला एक मित्र आठवतो, तोही न्हावी. एके दिवशी त्याची बायको आणि बहीण आत आल्या...

इथे आवाज बंद पडतो. हात चालत राहतात. ते तोंड पुसतात, मान हलवतात, नको म्हणतात. लांझमान हलक्या आवाजात, पण न सोडता, सांगावंच लागेल असं म्हणत राहतात. कॅमेरा चालू आहे.

या दृश्याबद्दल माझं मत बरीच वर्षं होत नव्हतं. सगळा मांड मांडलेला आहे, कात्रीसुद्धा मुद्दाम हातात दिलेली आहे. जखमेवर बोट ठेवून दाबायचा हक्क लांझमान यांना कुणी दिला? आज मला वाटतं की हा प्रश्न विचारत राहणं योग्यच आहे, पण बोम्बा उठून गेले नाहीत, हेही त्याच दृश्यात आहे. ते थांबले, आणि मग पुढे बोलले. मित्राच्या बायकोला आणि बहिणीला चित्रपटात जागा मिळाली ती त्यांच्यामुळे. मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. हल्लीच्या कितीतरी माहितीपटांत माणसाचा आवाज कापायला लागला रे लागला की खालून व्हायोलिन सुरू होतं. प्रेक्षकाने कधी रडायचं ते त्याला सांगितलं जातं, आणि तो रडतोही. बोम्बा गप्प होतात तेव्हा खालून काहीच वाजत नाही. त्या शांततेचं काय करायचं, हे बघणाऱ्याचं बघणाऱ्याने ठरवायचं.

मागितलेली दाद खरोखरच लागली, असा एक चित्रपट मला ठाऊक आहे, आणि त्याच्याकडे मी पुन्हा पुन्हा जाते.

एरॉल मॉरिस टेक्सासला गेले होते ते वेगळ्याच कामासाठी. तिथला एक मानसोपचारतज्ज्ञ फाशीच्या खटल्यांमध्ये एकामागून एक साक्षी देत असे की हा आरोपी जिवंत राहिला तर पुन्हा खून करणार. त्याच्यावर चित्रपट करायचा म्हणून मॉरिस कैद्यांना भेटत होते. त्यांत त्यांना रँडल डेल ॲडम्स भेटला. १९७६ च्या नोव्हेंबरमध्ये डॅलस शहरात रात्रीच्या वेळी एक गाडी थांबवणाऱ्या पोलिसाचा गोळ्या घालून खून झाला होता. त्यासाठी ॲडम्सला मृत्युदंड झाला. १९७९ साली, ठरल्या तारखेला तीन दिवस उरले असताना तो थांबला. पुढच्या वर्षी शिक्षा जन्मठेपेवर आली. ॲडम्स पहिल्यापासून सांगत होता की तो मी नव्हे. असं तुरुंगातले पुष्कळ जण सांगतात. मॉरिस यांनी मात्र पूर्वी खासगी गुप्तहेर म्हणून पोट भरलेलं होतं. ते खटल्याचे कागद वाचत बसले.

‘द थिन ब्लू लाइन’ (१९८८) मध्ये ती एकच रात्र पुन्हा पुन्हा येते. ज्या साक्षीदाराने जसं सांगितलं तशी. मेलेल्या पोलिसाची सहकारी त्या वेळी गाडीबाहेर येऊन उभी होती, की आतच मिल्कशेक पीत बसली होती, यावर वाद आहे. आणि पडद्यावर मिल्कशेकचा कागदी पेला अंधारात गिरक्या घेत सावकाश खाली येतो. पडतो, सांडतो. पुन्हा कुणीतरी बोलतं, पुन्हा तीच गाडी थांबते. जाता जाता गाडीतून आपण खुन्याला पाहिलं, अशी साक्ष एका बाईने दिली होती. ओळख परेडमध्ये आपण दुसऱ्याच माणसाकडे बोट दाखवलं होतं आणि खरा कोणता ते पोलिसाने सांगितलं, हे तिने मॉरिस यांना आपणहून सांगितलं. मॉरिस यांनी तिला कोंडीत पकडलं नव्हतं. तिला बोलू दिलं होतं, भरपूर वेळ.

शेवटच्या मुलाखतीच्या दिवशी कॅमेरा बिघडला होता. म्हणून पडद्यावर एक छोटा टेपरेकॉर्डर तेवढा दिसतो, कधी या बाजूने, कधी त्या बाजूने. त्यातून डेव्हिड हॅरिसचा आवाज येतो. घटनेच्या वेळी तो सोळा वर्षांचा होता. त्या दिवशी ॲडम्सला गाडीत घेणारा तोच आणि कोर्टात त्याच्यावर आळ घेणाराही तोच. ॲडम्स निर्दोष आहे का, असं विचारल्यावर तो हो म्हणतो. कशावरून, तर खरं काय ते मला ठाऊक आहे ना, म्हणून. आवाजात ना पश्चात्ताप, ना घाई. टेप फिरत राहते. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागे नेऊन पुन्हा ऐकलं होतं. वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

मार्च १९८९ मध्ये ॲडम्स सुटला. चित्रपटामुळे प्रकरण पुन्हा उघडलं गेलं होतं. आत त्याची बारा वर्षं गेली, आणि राज्याने त्याला भरपाई म्हणून काही दिलं नाही. सुटल्यानंतर त्याच्या कहाणीवर हक्क कुणाचा, यावरून त्याचा खुद्द मॉरिस यांच्याशी कायदेशीर वाद झाला. तो आपसात मिटला. बऱ्याच जणांना हा ॲडम्सचा कृतघ्नपणा वाटला. मला वाटत नाही. ज्याची बारा वर्षं दुसऱ्यांनी ठरवली, त्याला उरलेली गोष्ट तरी आपल्या नावावर हवी असणार.

तोच प्रसंग पुन्हा पुन्हा दाखवल्याने सत्य उघडं पडतं, असं या चित्रपटावरून वाटेल. पण १९९१ साली लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग याला पोलीस मारत असताना एका रहिवाशाने आपल्या घरातून ते टिपलं. जगाने पाहिलं, आता वादाला जागा उरली नाही असं वाटलं. खटल्यात बचावाच्या वकिलांनी तीच फीत सावकाश, तुकडे करकरून, थांबवून थांबवून ज्युरीला दाखवली. प्रत्येक फटका एकटा पडला, प्रत्येक हालचालीला काहीतरी कारण चिकटवलं गेलं. १९९२ मध्ये पोलीस जवळजवळ सगळ्या आरोपांतून सुटले. मॉरिसही तेच करत होते, थांबवून थांबवून दाखवत होते. फरक मला एवढाच दिसतो की त्यांना माणसं काय बोलतात ते ऐकायचं होतं आणि वकिलांना बघणाऱ्याचे डोळे बोथट करायचे होते. हा फरक फितीत सापडत नाही.

आणि चित्रपटही चुकतात. अर्कान्सास राज्यात १९९३ साली तीन लहान मुलांचे खून झाले आणि तीन पोरसवद्या तरुणांना दोषी ठरवण्यात आलं. ‘पॅराडाइज लॉस्ट’ या नावाच्या तीन चित्रपटांनी (१९९६ ते २०११) त्यांची बाजू जगासमोर नेली. अठरा वर्षांनी, २०११ च्या ऑगस्टमध्ये ते बाहेर आले, तेही अशा तडजोडीवर की तोंडाने निर्दोष म्हणायचं आणि कागदावर गुन्हा मान्य करायचा. या चित्रपटांचं मोल मी कमी लेखत नाही. पण दुसऱ्या भागाची नजर मारल्या गेलेल्या एका मुलाच्या सावत्र वडिलांवर खिळून राहते. ते मोठ्याने बोलतात, विचित्र वागतात, कॅमेऱ्यापुढे संतापतात. तो भाग संपला तेव्हा मला खात्री होती की हाच खुनी. त्यांच्यावर कधीही काही सिद्ध झालं नाही. पुढे ते स्वतःच त्या तिघांना निर्दोष मानून त्यांच्या बाजूने बोलू लागले. ज्या कारणासाठी ती पोरं आत गेली, म्हणजे दिसतात कशी, वागतात कशी, त्याच कारणासाठी मी माझ्या खोलीत बसून एका बापाला खुनी ठरवलं होतं. ही गोष्ट मला अजून बोचते. तेव्हापासून एखाद्या माणसाचा चेहरा बघून माझं मत बनायला लागलं की मी चित्रपट तिथेच थांबवते. कधी दहा मिनिटं, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत.

काय दाखवलं यापेक्षा काय कापलं, यातही कितीतरी दडलेलं असतं. आलाँ रेने यांच्या ‘नाइट अँड फॉग’ या नाझी छावण्यांवरच्या अर्ध्या तासाच्या चित्रपटात एका जुन्या छायाचित्रात फ्रेंच पोलिसाची टोपी दिसत होती. फ्रान्समध्ये ज्यांना पकडून ठेवलं होतं त्यांच्यावर पहारा द्यायला फ्रेंच पोलीसही होते, एवढंच ती टोपी सांगत होती. १९५६ साली सेन्सॉरला ती नको झाली, आणि तेवढा भाग झाकून चित्रपट दाखवावा लागला. मृतदेहांचे ढीग चालले. आपल्याकडची टोपी चालली नाही.

कधी कापतो तो दिग्दर्शकच, आणि ते कापलेलं पुढे कामाला येतं. पामेला येट्स १९८२ मध्ये तरुण वयात ग्वातेमालात चित्रण करत होत्या. तिथलं सैन्य डोंगरांतल्या माया लोकांची गावंच्या गावं उद्ध्वस्त करत होतं. सत्तेवर होते जनरल एफ्राइन रिओस माँट. येट्स यांनी त्यांची मुलाखत घेतली. बोलता बोलता जनरल म्हणून गेले की सैन्यावर माझा ताबा नसेल तर मी इथे करतोय काय? तेव्हा ते फुशारकीचं वाक्य होतं. १९८३ साली आलेल्या चित्रपटात ते घेतलं गेलं नाही, आणि रीळ उरलेल्या रिळांबरोबर ठेवून दिलं गेलं.

वीसेक वर्षांनी वंशसंहाराचा खटला उभा करू पाहणाऱ्या एका वकीलबाईंनी येट्स यांना विचारलं की तुमच्याकडे न वापरलेलं काही आहे का? त्या शोधाची गोष्ट ‘ग्रानितो’ (२०११) मध्ये येते. डबे उघडले जातात, जुनी फीत यंत्रावर चढते, आणि पडद्यावर तरुणपणीची येट्स आणि समोर तो जनरल. हुकूम वरून येत होते की खालच्यांनी परस्पर केलं, हा अशा खटल्यांतला सगळ्यात अवघड प्रश्न. आणि इथे वरचा माणूस स्वतःच्या तोंडाने सांगत होता की ताबा माझाच आहे. मी नकला टाइप करायचे तेव्हा जबाबातलं जे वाक्य वकील बिनकामाचं म्हणून ओलांडून पुढे जात, त्याच्याकडे मी त्यानंतर कधी पूर्वीसारखं बघू शकले नाही.

२०१३ मध्ये ग्वातेमालातच, त्यांच्याच देशाच्या न्यायालयात, ते चित्रण दाखवलं गेलं. इशील माया बायकांनी भर कोर्टात साक्षी दिल्या. १० मे रोजी रिओस माँट यांना वंशसंहाराबद्दल आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांबद्दल दोषी ठरवून एकूण ऐंशी वर्षांची शिक्षा झाली. दहा दिवसांनी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो निकाल रद्द केला. खटला पुन्हा सुरू झाला, पण तो पुरा होण्याआधीच, २०१८ मध्ये, ते वारले. दहा दिवस टिकलेल्या निकालाला काय म्हणायचं? ज्या बायका कोर्टात बोलल्या त्यांनी काय बोलल्या ते परत घेतलेलं नाही. रीळही आहे.

मराठी माणसाला ‘जय भीम कॉम्रेड’ आठवल्यावाचून राहणार नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. दहा जण गेले. त्यानंतर काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपलं जीवन संपवलं. आनंद पटवर्धन यांनी त्यांना बारा वर्षं आधीच्या ‘हमारा शहर’मध्ये गाताना टिपलं होतं. मित्राच्या मरणाने ते रमाबाई नगरात गेले आणि चौदा वर्षं चित्रण करत राहिले. एवढ्या काळात खटला रेंगाळतो, सरकारं बदलतात, पडद्यावरची पोरं मोठी होतात. तीन तासांहून लांब चित्रपट आहे, आणि लांबी कमी करा असं मी तरी म्हणणार नाही. जे चौदा वर्षं खोळंबले त्यांच्याबरोबर तीन तास बसायला काय हरकत आहे? आणि त्यातली गाणी! डफ वाजतो, शाहीर उभा राहतो, लोक टाळ्यांचा ठेका धरतात. तिथे दाद मागणं आणि दाद देणं एकाच तोंडाने, एकाच वेळी चाललेलं असतं. माझ्या त्या सभागृहात जे तुटलं होतं ते इथे अजून जोडलेलं आहे. मला या चित्रपटाचं सगळ्यात जास्त अप्रूप या गोष्टीचं वाटतं.

पात्रिसियो गुझमान यांचा ‘नॉस्टॅल्जिया फॉर द लाइट’ (२०१०) मी अगदी एकटीने पाहिला, आणि तो संपल्यावर बराच वेळ दिवा लावला नाही. गुझमान यांनी चिलेतलं सरकार उलथलं जाताना तिथे उभं राहून चित्रण केलं होतं. ती फीत लपवून देशाबाहेर काढली गेली; ज्याने ती टिपली तो कॅमेरामन होर्हे म्युलर १९७४ मध्ये उचलला गेला आणि परत आला नाही. इतक्या वर्षांनी गुझमान आताकामाच्या वाळवंटात जातात. हवा इतकी कोरडी की तिथे काही कुजत नाही, आणि आकाश इतकं स्वच्छ की जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणी तिथेच उभ्या आहेत. शास्त्रज्ञ सांगतात की ताऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला फार काळ लागतो, म्हणून आम्ही बघतो ते सगळं झालेलंच असतं.

त्याच दुर्बिणींच्या खाली बायका फावडी घेऊन जमीन उकरत असतात. हुकूमशहा पिनोचेच्या सैन्याने १९७३ मध्ये त्यांचे नवरे, भाऊ मारून इथे पुरले, आणि पुढे पुरावा नको म्हणून यंत्रांनी उकरून दुसरीकडे नेले. यंत्राच्या दातांतून सुटलेले तुकडे तेवढे मागे राहिले. बायका वाकतात, काहीतरी पांढरं उचलतात, बोटांनी चोळून बघतात. दगड असतो, टाकतात. एकीला भावाचा पाय मिळाला होता, बुटासकट. आत गडद लाल मोजा. तो घरी आणल्यावर रात्री उठून ती त्या पायाजवळ गेली आणि त्याच्यावरून हात फिरवत बसली. हे ती वाळवंटात उभी राहून सांगते, वाऱ्यात. दुसरी म्हणते की या दुर्बिणी नुसत्या वर बघतात. त्यांना जमिनीतूनही आरपार दिसलं असतं तर किती बरं झालं असतं.

शेवटाकडे गुझमान या दोघींना वेधशाळेत घेऊन जातात. एक खगोलशास्त्रज्ञ त्यांना दुर्बिणीला डोळा कसा लावायचा ते दाखवतो. आयुष्यभर खाली बघत चाललेल्या त्या दोन बायका आळीपाळीने वाकतात, एक डोळा मिटतात, आणि भिंगातून वर बघत राहतात.